तोल सावरताना : उतारवयातील पडणे आणि ते टाळण्याचे उपाय

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा पाठ)



घरातील वडीलधारे माणूस पडले, तर ते 'पडलो' असे सहसा म्हणत नाही. 'जरा पाय घसरला', 'उंबऱ्याला ठेच लागली', 'डोळ्यांपुढे अंधारी आली' असे काहीतरी सांगते. पुष्कळदा तेवढेही सांगत नाही. अक्कांच्या दंडावरचा काळानिळा डाग पदराखाली झाकलेला राहतो आणि चार-आठ दिवसांनी सुनेच्या लक्षात येतो. या झाकाझाकीला कारण असते. आपण पडलो हे मुलांना कळले, की उद्यापासून मंदिरात एकटे जाणे बंद होईल, माडीवरची खोली सुटेल, स्वयंपाकघरात पाऊल टाकताच कोणीतरी 'तुम्ही बसा' म्हणेल, हे त्या माणसाला नेमके ठाऊक असते. म्हणून वृद्धांच्या पडण्याचा विचार करताना हाडांच्याही आधी या मौनाचा विचार करावा लागतो. एकदा पडलेली व्यक्ती पुन्हा पडण्याचा संभव जवळजवळ दुप्पट होतो. पहिले पडणे लपून राहिले, तर दुसरे टाळण्याची संधीच हातची जाते.

हा प्रश्न किती व्यापक आहे, हे थोडक्या आकड्यांवरून ध्यानी येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालानुसार पासष्टी गाठलेल्या व्यक्तींपैकी २८ ते ३५ टक्के व्यक्ती वर्षातून एकदा तरी पडतात. सत्तरीनंतर हे प्रमाण ३२ ते ४२ टक्क्यांवर जाते. त्याच संघटनेने २०२१ साली दिलेल्या आकड्यांप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे प्राणास मुकतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांखालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो. भारतात २०११ च्या जनगणनेत साठीपुढील व्यक्तींची संख्या दहा कोटींवर होती, आणि ती वाढतच आहे. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी पाचांत एक, काही पाहण्यांत त्याहूनही अधिक, वर्षाच्या आत दगावतात. जे वाचतात त्यांपैकी पुष्कळांना पूर्वीसारखे हिंडता-फिरता येत नाही. इतके असूनही 'वय झाले, आता पडायचेच' या एका वाक्याने विषय संपविला जातो. हे वाक्य खरे नाही.

माणूस दोन पायांवर उभा राहतो, यात वरवर पाहता विशेष काही वाटत नाही. प्रत्यक्षात त्यासाठी शरीरात अखंड देवाणघेवाण चाललेली असते. डोळे सभोवतालची बातमी देतात. कानाच्या आतील भागात असलेली संतुलनाची यंत्रणा डोके कोणत्या बाजूस कलले ते सांगते. तळपाय आणि घोटे जमीन सपाट आहे की उतरती, कोरडी आहे की ओली, हे कळवितात. या तिन्ही बातम्या जुळवून मेंदू स्नायूंना आज्ञा देतो, आणि मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू क्षणार्धात तोल सावरतात. वयोमानाने यांतील प्रत्येक दुवा थोडा थोडा सैल होतो. एखादा दुवा सैल झाला तर बाकीचे सांभाळून घेतात. दोन-तीन एकदम सैल झाले, की उंबऱ्याची एवढीशी ठेचही पुरते. तरुण माणसालाही ठेच लागते, पण त्याचा दुसरा पाय वेळेवर पुढे येतो. सगळा फरक त्या दुसऱ्या पायाच्या वेळेवर येण्यात आहे.

आता एक नित्याचा प्रसंग घेऊ. शहात्तर वर्षांचे एखादे अण्णा. रक्तदाबाची गोळी चालू, मधुमेह आहे, आणि चौविहाराचा नियम कित्येक वर्षे निष्ठेने पाळलेला. सूर्यास्तापूर्वी घाईने घोटभर पाणी झालेले, दिवसभरातही पाणी बेताचेच. रात्री दोनच्या सुमारास लघुशंकेसाठी जाग येते. घरच्यांची झोपमोड नको म्हणून दिवा लावलेला नाही. अण्णा अंथरुणातून एकदम उठतात, चार पावले टाकतात आणि न्हाणीघराच्या दाराशी कोसळतात.

येथे नेमके काय घडले? पडून राहिलेला माणूस उभा राहिला की शरीरातील अर्धा-पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरते. निरोगी शरीर नाड्या आवळून, हृदयाची गती किंचित वाढवून काही क्षणांत ही उणीव भरून काढते. वय, मधुमेहाने क्षीण झालेल्या नसा, रक्तदाबाच्या आणि लघवीच्या काही गोळ्या, अंगातील पाण्याची तूट, यांमुळे ही भरपाई उशिरा होते. मेंदूला रक्त कमी पडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे ओळखण्याची रीत सोपी आहे. पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब मोजावा, नंतर उभे करून एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा वीस किंवा खालचा दहा, अथवा त्याहून अधिक उतरला, तर डॉक्टरांनी औषधांचा फेरविचार करावयास हवा. खुर्चीवर बसवून एकदाच मोजलेल्या रक्तदाबात हा दोष सापडत नाही. तेव्हा वडिलांना तपासणीस नेणाऱ्या मुलाने 'उभे करूनही मोजा' एवढे आवर्जून सांगावे.

यासाठी अण्णांनी नियम सोडावा, असे मुळीच नाही. पाणी दिवसा, थोडे थोडे करून, पुरेसे प्यावे. सूर्यास्ताच्या घाईवर सोडू नये. लघवी वाढविणारी गोळी संध्याकाळी असेल तर ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. जाग आली की आधी कुशीवर वळावे, पलंगाच्या कडेला बसावे, घोटे वर-खाली हलवावेत, मिनिट-दोन मिनिटे थांबून मगच उभे राहावे. मंद दिवा रात्रभर जळू द्यावा. पलंगाजवळ लघवीचे भांडे ठेवण्यात काही कमीपणा नाही. तेवढ्याने रात्रीच्या दोन फेऱ्या वाचतात.

भाद्रपदातील पर्वकाळी या साऱ्या गोष्टी एकत्र येतात. पावसाळा असतो, फरश्या ओल्या असतात, उपवास घडतात, पहाटे लवकर उठणे होते. मधुमेहाच्या काही गोळ्या अथवा इन्शुलिन नेहमीच्याच मात्रेत घेऊन उपवास केला, तर रक्तातील साखर उतरून माणूस कोसळू शकतो. व्रत आरंभण्यापूर्वी आठ-दहा दिवस आधी डॉक्टरांकडे जाऊन औषधांची फेरमांडणी करून घ्यावी. डॉक्टर रागावतील म्हणून उपवासाची गोष्ट लपविणारे वृद्ध पुष्कळ आहेत. डॉक्टरांना ती ठाऊक नसणे हे उपवासाहून अधिक धोक्याचे आहे. सामायिकाला अठ्ठेचाळीस मिनिटे मांडी घालून बसल्यानंतर पाय बधिर होतात. तेथूनही एकदम उठू नये. आधी पाय मोकळे करावेत, भिंतीचा किंवा शेजारच्याचा हात घ्यावा.

शाकाहारी समाजाने विशेष ध्यानात ठेवावी अशी एक बाब म्हणजे ब-१२ हे जीवनसत्त्व. ते वनस्पतिजन्य आहारातून मिळत नाही. शाकाहाऱ्यांना ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतूनच, तेही थोडे, मिळते. पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले, ६७ टक्के पुरुषांमध्ये ब-१२ चे प्रमाण कमी आढळले, आणि शाकाहाऱ्यांत ही उणीव अधिक होती. उतारवयात पोटातील आम्ल घटते, त्यामुळे आहारातील ब-१२ नीट शोषले जात नाही; मधुमेहासाठी दिले जाणारे मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यानेही ते घटते. याचा परिणाम नसांवर होतो. पायांना मुंग्या येतात, गादीवरून चालल्यासारखे वाटते, अंधारात अथवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. 'म्हातारपणाने पाय गेले' असे समजून जे सोडून दिले जाते, त्यात काही वेळा ही भरून काढता येण्याजोगी उणीव असते. रक्ताची साधी तपासणी पुरते. जिलेटिनच्या कॅप्सूलविषयी ज्यांचा आक्षेप असेल त्यांना साध्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेता येते.

ड जीवनसत्त्वाविषयी मात्र उलट दिशेने सावध राहावे लागते. उणीव असेल तर ते अवश्य द्यावे. पण अधिक घेतले की अधिक लाभ, असे नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढील २,२५६ स्त्रियांवर झालेल्या एका प्रयोगात वर्षातून एकदाच फार मोठी मात्रा दिली गेली. २०१० साली निष्कर्ष आले तेव्हा त्या स्त्रिया कमी पडण्याऐवजी अधिक पडल्या होत्या, हाडेही अधिक मोडली होती. शेजाऱ्याला दिलेली पुडी आपणही घ्यावी, हा मोह म्हणूनच टाळावा.

औषधांपैकी सर्वांत उपद्रवी म्हणजे झोपेच्या गोळ्या. रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळी अभिषेकाच्या वेळीही पुरता उतरलेला नसतो. न्यूझीलंडमधील संशोधकांनी १९९९ साली दाखवून दिले, की अशी औषधे हळूहळू थांबविलेल्या वृद्धांचे पडणे दोनतृतीयांशाने घटले. त्यांपैकी अनेकांनी प्रयोग संपताच गोळ्या पुन्हा सुरू केल्या, हेही त्याच संशोधनात नोंदलेले आहे. सवय अशी चिवट असते. या गोळ्या आपल्या मनाने एकाएकी बंद करणेही धोक्याचे. वर्षातून एकदा घरातील सगळी औषधे, आयुर्वेदिक चूर्णांसह, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओतावीत आणि 'यांतील कोणती आता नको?' असे विचारावे. दोन डॉक्टरांनी एकच औषध दोन नावांनी दिल्याचे अशा वेळी हमखास उघडकीस येते.

डोळ्यांचे सांगायचे तर, मोतीबिंदू 'पिकेपर्यंत' थांबण्याची जुनी समजूत आता सोडावयास हवी. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे सत्तरीपुढील स्त्रियांमध्ये पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर केल्याने पडण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००५ साली दिसून आले. दुहेरी भिंगाचा चष्मा वाचनाला सोयीचा असतो, परंतु पायऱ्या उतरताना नजर खालच्या भिंगातून जाते आणि पायरी पुसट दिसते. बाहेर जाणाऱ्याने केवळ लांबचे पाहण्याचा एक स्वतंत्र चष्मा जवळ बाळगावा.

घराकडे वळल्यावर पहिली नजर न्हाणीघरावर जाते. गुळगुळीत लादी, साबणाचे पाणी, खालची मोरी, धरायला काही नाही, आणि आतून कडी! घर बांधताना दिवाणखान्याच्या छतावर मोठा खर्च होतो, न्हाणीघरात मात्र सळई बसवायची राहून जाते. टॉवेल अडकविण्याची दांडी ही आधाराची सळई नव्हे. अंगाचा भार पडताच ती स्क्रूसकट हातात येते. शौचकूपाजवळ आणि नळाजवळ भिंतीत पक्की रोवलेली सळई, खरखरीत लादी किंवा रबरी चटई, बसून स्नान करण्यासाठी मजबूत स्टूल, एवढे साहित्य दोन दिवसांत बसते. ज्यांना उकिडवे बसून उठता येत नाही, त्यांच्यासाठी कमोड करावा. बाकी घरातील सैल सतरंज्या, वाटेत आलेल्या वायरी, माळ्यावरून डबा काढण्यासाठी ठेवलेला डुगडुगता पाट, झिजलेल्या सपाता यांची यादी प्रत्येक सुनेला तोंडपाठ असते. प्रश्न यादीचा नसतो. आजींची गोधडी आणि त्यांचा पाट कोणी हलवायचा, हा असतो. ते त्यांना विचारून, त्यांच्यासमक्ष, त्यांच्याच हाताने हलवावे. न विचारता केलेली सुधारणा चार दिवसांत पूर्वपदावर येते.

मंदिरांविषयीही स्पष्ट बोलावयास हवे. संगमरवर देखणा खरा, पण अभिषेकानंतर त्यावर पाणी अथवा दूध सांडले की तो काचेसारखा होतो. पांढऱ्या पायरीची कड पांढऱ्या फरशीत दिसतच नाही. तेथे गडद रंगाची, खरखरीत अशी दोन बोटांची पट्टी ओढली तर सौंदर्याची काही हानी होत नाही. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना कठडा हवा, कारण चढताना उजवीकडे असलेला कठडा उतरताना डावीकडे येतो आणि पक्षाघात झालेल्या माणसाला एकच हात वापरता येतो. थंडीत पायमोजे घालून फरशीवरून चालण्यापेक्षा अनवाणी चालणे सुरक्षित. पूजेच्या वेळी धोतराचा सोगा आणि साडीच्या निऱ्या घोट्याच्या वर असाव्यात. हातात ताट असले की पायाखालचे दिसत नाही. गर्भगृहाच्या उंच उंबऱ्यापाशी एखाद्या तरुणाने सकाळचा तासभर नुसते उभे राहून हात दिला, तरी फार मोठे काम होईल.

यात्रेत चढणीची धास्ती सर्वांना असते, उतरणीची कोणाला नसते. वास्तविक शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांवर पायऱ्या असोत की श्रवणबेळगोळच्या खडकात खोदलेल्या पायऱ्या, चढताना दम लागतो आणि माणूस आपोआप थांबतो. उतरताना दम लागत नाही, पण थकलेल्या मांड्यांना प्रत्येक पायरीवर अंगाचा सगळा भार झेलावा लागतो. उतरताना काठी हवीच. काठीची उंची मनगटाच्या रेषेइतकी असावी, टोकाला न झिजलेले रबर असावे, आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. बहुतेक जण नेमकी उलट धरतात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. डोली करण्यात संकोच बाळगू नये.

एवढे सर्व केले तरी पायांत बळ नसेल तर उपयोग अर्धाच. आजवरचा सर्वांत भक्कम पुरावा व्यायामाच्या बाजूने आहे. २०१९ साली १०८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटते, असे आढळले. त्यातही तोल आणि पायांची शक्ती वाढविणारा व्यायाम उपयोगी पडतो. सकाळच्या फेरीने प्रकृतीला पुष्कळ लाभ होतात, पण नुसत्या चालण्याने पडणे कमी होते असे सिद्ध झालेले नाही. त्याहून आधी, १९९४ साली, अमेरिकेतील मेरी टिनेटी या वैद्यक-संशोधिकेने सत्तरीपुढील ३०१ व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांची औषधे, रक्तदाब, चाल आणि घर तपासून त्याप्रमाणे उपाय केले गेले, त्यांपैकी वर्षभरात ३५ टक्के पडले. इतरांपैकी ४७ टक्के.

व्यायाम घरच्या घरी करण्याजोगा आहे. स्वयंपाकघराच्या ओट्याला हात टेकून टाचा उचलाव्यात, मग चवडे उचलावेत. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठावे-बसावे. एका पावलापुढे दुसरे पाऊल, टाच अंगठ्याला लावून, उभे राहावे. ते साधले की एका पायावर. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा अर्धा तास. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात तयार झालेला अशा व्यायामांचा क्रम ऐंशीपुढील स्त्रियांनाही झेपला आणि उपयोगी पडला. व्यायाम थोडा अवघड वाटला पाहिजे. मुळीच न डगमगता होणारा व्यायाम तोल शिकवीत नाही. म्हणून आरंभी जवळ कोणीतरी असावे.

प्रगती मोजण्याचीही सोय आहे. खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे. बारा सेकंदांहून अधिक वेळ लागला तर पडण्याचा धोका आहे असे समजावे. स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ साली याहूनही सोपी खूण सांगितली : चालता चालता कोणी बोलू लागले की जो वृद्ध उत्तर देण्यासाठी थांबतो, त्याच्या पडण्याचा संभव अधिक. चालणेच त्याचे सगळे लक्ष व्यापून टाकते. अशा माणसाला जिन्यावर हाक मारू नये.

पडण्याच्या भीतीने वृद्धांना बसवून ठेवणे ही कुटुंबीयांची सर्वांत मोठी चूक होय. २००७ सालच्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तेवढ्यात त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस झडले. 'तुम्ही उठू नका, आम्ही देतो' या मायेने वर्षभरात काय होत असेल, याची यावरून कल्पना येईल. अक्कांना स्वयंपाकघरातून उठवू नये. तेथील फरशी कोरडी ठेवावी.

आणि तरीही माणूस पडलेच तर? धावत जाऊन काखेत हात घालून उचलू नये. खुब्यात किंवा जांघेत तीव्र वेदना, एक पाय आखूड व बाहेर वळलेला, पायावर भार देता न येणे, ही खुब्याचे हाड मोडल्याची लक्षणे. अशा वेळी चोळू नये, ओढू नये. १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. शस्त्रक्रिया शक्य तो दोन दिवसांत झाली तर रुग्ण लवकर उभा राहतो. 'या वयात कशाला कापाकापी' म्हणून अंथरुणावर ठेवले, तर न्यूमोनिया आणि पाठीच्या जखमाच त्याला नेतात. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर माणूस हसत-बोलत असला तरी तत्काळ रुग्णालयात न्यावे. मेंदूवरचा रक्तस्राव कधी कधी तीन-चार आठवड्यांनी, गुंगी आणि गोंधळलेले बोलणे यांतून प्रकट होतो.

कोठे मोडले नसेल तर उठण्याचीही एक रीत आहे. आधी श्वास स्थिर होऊ द्यावा. कुशीवर वळावे, कोपरावर भार देऊन हात-गुडघ्यांवर यावे, रांगत जवळच्या पक्क्या खुर्चीपाशी जावे, दोन्ही हात बैठकीवर टेकावेत, बळकट पाय पुढे रोवून उठावे आणि वळून बसावे. धडधाकट असतानाच, गादी अंथरून, घरच्यांच्या देखत हे एकदा करून पाहावे. उठता आले नाही तर अंगावर जे हाती येईल ते ओढून ऊब धरावी आणि भांडे वाजवून हाक द्यावी. मोबाइल उशाशी ठेवण्यापेक्षा खिशात अथवा कमरेच्या पिशवीत असावा. एकट्याने राहणाऱ्यांनी घराची एक किल्ली शेजारी देऊन ठेवावी, आणि न्हाणीघराला आतून कडी लावू नये.